चीनमधील जखमींचे डॉ. कोटणीस

सोलापूर येथे १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ मध्ये काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. आपल्या विदर्भातील, नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्यात होते. तेथे असतानाच वडील निवर्तल्याची वार्ता आली, तरी कोटणीस परतले नाहीत.

१९४० च्या एका लढाईत त्यांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. त्यात शस्त्रक्रिया सलग ७२ तास चालल्या. खरी कसोटी त्यानंतरची. जखम भरते आहे की चिघळते आहे, हे पट्टी सोडल्याविना कळत नसे आणि सोडताना भरत आलेली जखम पुन्हा दुखावे. पेनिसिलीनही हाताशी नव्हते. आज ग्राफीनसारख्या कार्बनी पदार्थांच्या लवचीक संवेदकांनी पट्टीखालचे तापमान, ओलावा व आम्लता बाहेरूनच मोजण्याचे संशोधन चालू आहे. कोटणिसांची भिस्त डोळ्यांवर आणि बोटांवरच होती.

१९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी तेथील परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते आणि त्यांचा मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.