जीवनदाते हाफकिन

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आष्टी नावाचे गाव आहे. लसीकरणाचा दिवस उगवला, की या भागातील खेड्यापाड्यांतून आरोग्यसेविका खांद्याला एक जाड भिंतींची पेटी अडकवून येताना दिसते. त्या पेटीत बर्फाच्या सान्निध्यात काचेच्या लहान लहान कुप्या ठेवलेल्या असतात. प्रत्येक कुपीवर एक क्रमांक असतो, ती केव्हा तयार झाली व केव्हापर्यंत वापरावी याचे दिनांक असतात. लहान मूल सुईच्या भीतीने आईला बिलगते, क्षणभर रडते आणि पुन्हा खेळू लागते. त्या कुपीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु लसीच्या बाटलीचा हा प्रवास आपल्या महाराष्ट्रात ज्या पुरुषाने प्रथम मोठ्या प्रमाणावर घडवून आणला, त्याला त्या कामी फार मोठे मोल द्यावे लागले. त्याचे नाव वॉल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या नगरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी ते नगर रशियन साम्राज्यात होते. विद्यापीठात त्यांना मेचनिकॉव्ह या थोर प्राणिशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन लाभले. शिष्य बुद्धिमान होता, कष्टाळू होता. परंतु ज्यू लोकांना त्या राज्यात सन्मानाची पदे मिळणे दुरापास्त होते. धर्म बदलला, तर मार्ग मोकळा होण्यासारखा होता. हाफकिन यांनी तसे केले नाही. त्यांनी स्वदेश सोडला आणि १८८९ साली ते पॅरिस येथील लुई पाश्चर यांच्या संस्थेत दाखल झाले. तेथे आरंभी त्यांना ग्रंथपालाचे काम मिळाले. दिवसा ग्रंथ सांभाळावेत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत रोगजंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

या अभ्यासातून त्यांनी पटकीची लस सिद्ध केली. १८९२ सालच्या जुलै महिन्यात त्यांनी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण अपाय झाला नाही. पटकीने ज्या देशात वर्षानुवर्षे थैमान घातले होते, त्या हिंदुस्थानात ते १८९३ साली आले. बंगालमध्ये व उत्तरेकडील प्रांतांत फिरून त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. या श्रमांत त्यांना हिवतापाने गाठले, तेव्हा त्यांना काही काळ युरोपास परतावे लागले. प्रकृती पुरती सुधारली नव्हती, तरीही १८९६ साली ते पुन्हा या देशात आले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एका भयंकर रोगाने प्रवेश केला. गोव्याच्या भूमीतून आलेले डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. तो ग्रंथिक संनिपात, म्हणजेच प्लेग होता. पाहता पाहता वस्त्याच्या वस्त्या ओस पडू लागल्या. लक्षावधी लोक घरदार सोडून शहराबाहेर पळाले आणि त्यांच्यासोबत रोगही पसरला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांना तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. सरकारी अधिकारी घराघरांत शिरून झडती घेत. त्यामुळे रोगाइतकीच धास्ती लोकांना सरकारची वाटू लागली. अशा परिस्थितीत औषधाची बाटली हाती घेऊन लोकांपुढे जाणे सोपे नव्हते.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली व एक पडवी मिळाली. एक कारकून व तीन शिपाई एवढेच मनुष्यबळ मिळाले. काम अहोरात्र चालू होते. त्या ताणाने एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली, दोघे काम सोडून गेले; पण हाफकिन यांनी हातपाय गाळले नाहीत. मांसाच्या रसात ते प्लेगचे जंतू वाढवीत. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून त्यांनी त्या कामी बोकडाचे मांस वापरले. रसावर तुपाचे थेंब सोडले, म्हणजे जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांनी शोधून काढले. पुढे तो रस तापवून जंतू मारले, की लस तयार होई. मेलेले जंतू रोग देत नाहीत, परंतु शरीराला त्या रोगाशी लढण्यास शिकवितात.

तीन महिन्यांच्या आत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. लवकरच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना लस देण्यात आली आणि तिचा गुण दिसून आला. तरुण आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, आपल्या अनुयायांना तसे करण्यास सांगितले आणि लस तयार करण्यासाठी आपली वास्तूही दिली. लोकांची भीती हळूहळू ओसरू लागली.

आता खरी कसोटी पुढेच होती. एका खोलीत शंभर माणसांपुरती लस करणे निराळे आणि सगळ्या देशाला ती पुरविणे निराळे. मागणी गावोगावहून येऊ लागली. जंतू वाढण्यास कित्येक आठवडे लागत. म्हणून आज मागणी आली व आज माल धाडला, असे होणे शक्य नव्हते. पुढे किती लस लागेल याचा अंदाज आधीच बांधावा लागे. रिकाम्या बाटल्या स्वच्छ व निर्जंतुक कराव्या लागत. भरलेल्या बाटल्यांची तोंडे घट्ट बंद करून त्यांवर क्रमांक घालावे लागत आणि कोणता घाणा केव्हा भरला, कोणती बाटली कोठे गेली, याची नोंद ठेवावी लागे. मग त्या बाटल्या आगगाडीने, टपालाने, बैलगाडीने दूरदूरच्या गावी जात. जागा अपुरी पडू लागली, म्हणून १८९९ साली परळ येथील जुने राज्यपाल निवासस्थान या कामासाठी देण्यात आले. तेथून लसीचा ओघ सुरू झाला. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा बाहेर पडल्या.

परंतु साखळी कितीही लांब असली, तरी तिचे बळ तिच्या दुर्बळ कडीइतकेच असते. १९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला. तेथून लसीची प्रचंड मागणी आली. ती वेळेवर पुरी व्हावी म्हणून हाफकिन यांनी लस करण्याची अधिक जलद रीत अवलंबिली. पूर्वी लसीत कार्बोलिक अॅसिड मिसळीत असत. ते गाळून त्यांनी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. ते सर्वजण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. त्या बाटलीचा क्रमांक होता त्रेपन्न एन. इतर बाटल्यांतून लस घेतलेले लोक सुखरूप होते.

सरकारने चौकशी नेमली. मुंबईच्या प्रयोगशाळेतच, लस करण्याची रीत बदलल्यामुळे, ती बाटली दूषित झाली असावी, असे मत पडले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्यांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करून लाखोंचे प्राण वाचविले, त्यांच्याकडे लोक संशयाने पाहू लागले. त्यांचे नाव डागाळले. ते युरोपास परतले, परंतु स्वस्थ बसले नाहीत. एकेक पुरावा तपासून त्यांनी आपली बाजू जगापुढे मांडण्याचा निश्चय केला.

येथे बाटलीवरील तो क्रमांक आणि लिहून ठेवलेल्या नोंदी त्यांच्या उपयोगी पडल्या. ती बाटली भरल्यापासून ४१ दिवसांनी उघडली गेली होती. धनुर्वाताचे जंतू तेव्हापासूनच आत असते, तर इतक्या दिवसांत ते वाढून रसाला दुर्गंधी सुटली असती. परंतु बाटली उघडताना तसा वास कोणाला आला नव्हता. उलट, मुलकोवाल येथे ती बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता, असे उघड झाले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे सर्वविदित आहे. दोष शेकडो कोसांवरच्या प्रयोगशाळेचा नव्हता. तो अखेरच्या क्षणी, अखेरच्या हातून घडलेल्या निष्काळजीपणाचा होता.

हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या पाठीशी उभे राहिले. १९०७ साली त्यांनी व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रातून हाफकिन यांची निर्दोषता जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा हिंदुस्थानात काम दिले. ते कलकत्त्यास रुजू झाले. तथापि मुंबईचे लसनिर्मितीचे कार्य त्यांच्याकडे पुन्हा आले नाही. पाच वर्षांचा अपमान शांतपणे सोसलेल्या या पुरुषाने कोणाविषयी सूडबुद्धी धरली नाही. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या नगरात त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. त्यांच्या मागे त्यांचे कार्य उरले.

परळची हाफकिन संस्था आजही उभी आहे. तिच्यातून निघालेल्या, हाफकिन यांचेच नाव धारण करणाऱ्या महामंडळाने पोलिओची लस व सर्पदंशावरील औषध तयार केले. खेड्यातील एखादा शेतकरी रात्री शेतात सापावर पाय पडून दंश पावतो, तेव्हा त्याचे प्राण औषधाच्या ज्ञानावर जितके अवलंबून असतात, तितकेच ती कुपी त्या रात्री जवळच्या आरोग्यकेंद्रात शिल्लक आहे की नाही, यावरही अवलंबून असतात. औषध शोधणारा शास्त्रज्ञ थोर खरा. पण कोठे किती साठा आहे हे पाहून संपण्यापूर्वी नवी मागणी धाडणारा भांडारपाल, बर्फ वितळू न देणारा वाहनचालक आणि हात स्वच्छ धुऊन कुपी उघडणारी परिचारिका यांच्याविना ते औषध निरुपयोगी होय.

आता लसीच्या कुप्या बहुधा २ ते ८ अंश तापमानात कारखान्यापासून गावापर्यंत आणतात. कित्येक कुप्यांवर एक लहानशी खूण असते. कुपीला फार उष्णता लागली, तर तिच्यातील चौकोन काळा पडतो आणि ती कुपी बाजूला ठेवली जाते. एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरीत नाहीत. ही सर्व शिस्त मुलकोवालसारख्या दुःखद प्रसंगांतूनच माणूस शिकला आहे.

आष्टीच्या वाटेने आरोग्यसेविका पेटी घेऊन येते, तेव्हा तिच्यामागे अशा असंख्य हातांची रांग उभी असते. त्या रांगेच्या आरंभी हाफकिन उभे आहेत. आपल्या वाट्याला आलेले काम, ते चिमटा धुण्याइतके लहान का असेना, चोख करणे, हेच त्या थोर पुरुषाचे खरे स्मरण होय.