मातोश्रींचा आकांत

श्रावण वद्य चतुर्दशी ही पुण्यश्लोक देवी अहिल्याबाई होळकर यांची पुण्यतिथी. या निमित्ताने काशीविश्वेश्वर, सोमनाथ, महेश्वरचे घाट यांचे स्मरण सर्वत्र होते, आणि ते उचितच आहे. परंतु मातोश्रींच्या चरित्रातील एका प्रसंगाविषयी आपण बहुधा मौन पाळतो. तो आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

बाईंचा जन्म १७२५ साली चौंडी येथे शिंदे घराण्यात झाला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. बाई सहगमनास सिद्ध झाल्या होत्या; शोकाकुल सासऱ्यांनी काकुळतीने विनवून त्यांना मागे फिरविले. १७६६ साली मल्हारराव आलमपूर येथे निवर्तले, आणि १७६७ साली एकुलता पुत्र मालेरावही गेला. तेव्हापासून दौलतीचा भार एकट्या बाईंवर आला. नर्मदातीरी महेश्वर येथे राहून त्यांनी तो सुमारे अठ्ठावीस वर्षे वाहिला. प्रत्यही दरबारात बसून त्या रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत.

त्यांना आता एक कन्या तेवढी उरली होती. तिचे नाव मुक्ताबाई. यशवंतराव फणसे हे तिचे यजमान. या दांपत्याचा एकुलता मुलगा महेश्वर येथे वारला, आणि त्यानंतर सुमारे वर्षभराने, १७९१ साली, यशवंतरावही गेले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. मातोश्रींचे वय त्या वेळी सहासष्ट वर्षांचे होते. जिच्या शब्दाने माळव्याचा कारभार चाले, तिने लेकीच्या पायाशी धुळीत लोळण घेतली. परंतु पुत्र गेला, पती गेला, उद्या आईही जाणार, मग आपण कोणासाठी राहावे, हे मुलीचे म्हणणे ढळले नाही.

मातोश्री चितेपर्यंत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेविले होते. ज्वाला उठताच त्यांचा सारा संयम सुटला. त्यांनी सर्व लोकांसमक्ष हंबरडा फोडला, आणि हात सोडविता येईनात तेव्हा त्याच हातांना दातांनी चावे घेतले. पुढे नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही व एक शब्दही उच्चारिला नाही. त्यानंतर गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक सुंदर स्मारक बांधविण्यात त्यांनी मन गुंतविले, आणि कारभार पूर्ववत हाती घेतला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेविला.

हा वृत्तान्त सर जॉन मॅल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील लोकांकडून चौकशी करून मिळविला, आणि १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केला. ज्यांनी तो सांगितला, त्यांना त्यात बाईंचा कमीपणा वाटला नाही. तो आपणांस मात्र वाटू लागला आहे. चित्रातल्या बाई हाती शिवलिंग घेऊन शांत बसलेल्या असतात. त्याच बाईंनी टाहो फोडला हे सांगण्यास आपली जीभ अडखळते.

दुखवट्याच्या घरी आपण काय करितो? आवाज थोडा चढला की पाण्याचा पेला पुढे करितो. आलेल्या मंडळींपुढे धीराने वागावे, असे त्या माउलीच्या कानाशी सांगतो. जी रडली नाही तिची वाहवा होते, आणि जी रडली तिला चार लोकांत संकोच वाटतो. लेकरू गेलेल्या आईनेच पाहुण्यांचा चहा विचारावा, इतकी आपली सभ्यता पुढे गेली आहे.

सतीची चाल कायद्याने बंद होऊन फार काळ लोटला, आणि ती गेली हे परम कल्याणाचेच झाले. परंतु त्या दिवशी नर्मदातीरी जो आकांत झाला, तो आपण चरित्रातून वगळू नये. मातोश्रींची भक्ती त्याने उणी झाली नाही, की राज्याची घडीही त्याने विसकटली नाही. त्या रडल्या, तीन दिवस मूक राहिल्या, आणि मग उठल्या. वाचकहो, पुढच्या वेळी अशा घरी जाल तेव्हा समजुतीचे शब्द क्षणभर राहू द्यावेत, जवळ बसावे, आणि त्या माउलीला रडू द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.