कापलेले आणि उरलेले

स्मरणिकेत लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा भगिनींनी चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. मंडळाच्या हळदीकुंकवाची कागदी झालर कातरण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. म्हणून कात्रीने चित्रे करणाऱ्या एका माणसाविषयी लिहिते.

हेन्री मातीस यांचा जन्म १८६९ साली फ्रान्समध्ये झाला. घरी धान्य-बियाण्यांचे दुकान होते. वडिलांच्या इच्छेप्रमाणे ते कायदा शिकले आणि वकिलाच्या कचेरीत कारकुनी करू लागले. विशीत आंत्रपुच्छाच्या दुखण्याने अंथरूण धरले, तेव्हा वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली. ती काही पुढे सुटली नाही. चित्रकार म्हणून मोठे नाव झाले, ते सारे सांगत बसत नाही.

१९४१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पोटातल्या कर्करोगासाठी त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण पुढचे दिवस बहुतेक अंथरुणात नि चाकाच्या खुर्चीत गेले. मग मदतनीस मुली कागद रंगवून देत आणि मातीस पेन्सिलीची रेघही न मारता थेट कात्री चालवीत. तुकडे टाचण्यांनी भिंतीवर लावायचे, हलवायचे, पुन्हा लावायचे. १९४४ साली त्यांची पत्नी व मुलगी जर्मनांच्या कैदेत सापडल्या. (पत्नी १९३९ पासूनच वेगळी झाली होती, त्या बाईच्या बाजूने पाहिले तर मला मातीसांचा रागच येतो.) त्याच सुमारास 'जाझ' या पुस्तकासाठी त्यांचे कातरकाम चालू होते. ते १९४७ साली निघाले. त्यातल्या एका चित्रात एकीकडे निळे धड आहे, तर दुसरीकडे निळ्यातून उठलेले पांढरे धड.

गेल्या वर्षी माझा पाय दोन महिने प्लास्टरमध्ये होता, तेव्हा लेकीने ही चित्रे दाखवली. मला तो पोरखेळ वाटला. त्या काळी काही टीकाकारांनाही तसेच वाटले होते म्हणे! पण पडल्यापडल्या पाहायला दुसरे होते काय?

१९५२ च्या उन्हाळ्यात मातीसांना पाण्यात सूर मारणारी माणसे पाहावीशी वाटली. तलावावर गेले, पण ऊन सोसवेना. घरी परतून त्यांनी जेवणघराच्या भिंतींवर पांढऱ्या कागदाचा पट्टा लावून घेतला आणि निळा कागद कातरून स्वतःचाच तलाव केला. त्यात काही पोहणारे निळे आहेत. काही ठिकाणी मात्र निळे आहे ते पाणी आणि माणूस म्हणजे मधली कोरी जागा. ही कोरी माणसे मला चार दिवस दिसलीच नव्हती! एकदा दिसल्यावर नजर तिथेच जाऊ लागली.

१९५३ ची 'गोगलगाय' जवळजवळ साडेनऊ फूट लांबरुंद आहे. रंगीत कागदांचे ओबडधोबड तुकडे वाटोळे मांडलेले. शंखाचे वळण जाणवते ते त्या मांडणीतून आणि मधल्या पांढऱ्या फटींतून. रांगोळीत आपण गेरूची जमीन मोकळी सोडतो, तसेच काहीसे.

३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे मातीस वारले.

यंदाची झालर कातरताना पडलेले करंजीएवढे तुकडे मी केरात टाकले नाहीत. दारावर झालर लावली आहे आणि शेजारीच ते तुकडे. आधी काय दिसले, ते मला जरूर सांगा.