उन्हातली शाळा

चंद्रपूरचा मे महिना ज्याने सोसला आहे, त्याला उन्हाळ्याविषयी निराळे काही सांगावे लागत नाही. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतो, दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि रात्री अंगणात टाकलेल्या बाजेवरही अंगाची लाही होते. जंगलातली माणसे पहाटेच तेंदूपाने तोडायला निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. ज्यांना शक्य असते, ते या दिवसांत चिखलदऱ्याची नाहीतर पचमढीची वाट धरतात.

नेमक्या या दिवसांत एक माणूस पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या, नागपूर-अमरावतीच्या पोरापोरींना मूल तालुक्यातल्या सोमनाथच्या रानात बोलावीत असे. तिथे पंखा नाही, मऊ अंथरूण नाही. पहाटे उठायचे, हातात कुदळ-फावडे घ्यायचे आणि बांध घालायचे, माती वाहायची. दुपारी सावलीत बसून देशाविषयी बोलायचे, रात्री गाणी म्हणायची. बोलावणारा माणूस होता मुरलीधर देवीदास आमटे. सारा महाराष्ट्र त्यांना बाबा म्हणून ओळखतो.

आनंदवनाचे बाबा आमटे आपल्याला ठाऊक असतात. पण तरुणांची छावणी भरवणारे बाबा, चाळीस वर्षे पुढच्या पिढीच्या मागे लागलेले बाबा, तितके ठाऊक नसतात. आज त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते.

हिंगणघाटला २६ डिसेंबर १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. घर जमीनदाराचे. वरोऱ्याजवळच्या गोरज्याची मालगुजारी, वडील सरकारी नोकरीत बड्या हुद्द्यावर. पोराचे लाड असे की मिसरूड फुटायच्या वयात हाती बंदूक आली आणि पुढे दाराशी स्वतःची मोटार उभी राहिली. शिकारीचा नाद होता आणि सिनेमाचाही. इंग्रजी मासिकात चित्रपटांची परीक्षणे लिहिणारा आणि हॉलिवूडच्या नट्यांशी पत्रव्यवहार करणारा हा वैदर्भीय तरुण पुढे खांद्यावर घमेले घेईल, असे तेव्हा कुणी म्हटले असते तर घरच्यांनी हसण्यावारी नेले असते. मात्र नोकरांच्या मुलांबरोबर खेळायचे आणि त्यांच्या पंगतीला बसायचे, हा हट्ट लहानपणापासूनचा होता. त्यावरून वडिलांची बोलणीही खावी लागत.

वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी दुर्ग आणि मग वरोरा इथे वकिली केली. गांधीजींची ओढ लागली, सेवाग्राम फार दूर नव्हते. रेल्वेत एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांशी ते एकटे भिडले. ही हकीकत गांधीजींपर्यंत गेली आणि त्यांनी या तरुणाला अभयसाधक असे नाव दिले. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून बाबांनी कित्येक महिने डोक्यावरून मैलाही वाहिला. १९४६ च्या डिसेंबरात नागपूरच्या घुले घराण्यातल्या इंदूशी त्यांचा विवाह झाला. बहिणीच्या लग्नाच्या धामधुमीतून बाजूला होऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करणारी ही मुलगी त्यांच्या नजरेत भरली होती. तीच पुढे साधनाताई झाली.

आणि मग ती पावसाळी रात्र आली. रस्त्याच्या कडेला एक माणूस पडलेला होता. बोटे झडलेली, अंगावर किडे, अखेरचे श्वास चाललेले. त्याचे नाव तुळशीराम. बाबा त्याला पाहून पळाले. अभयसाधक म्हणून नावाजलेला माणूस एका आजारी, निराधार जिवाला घाबरून पळाला. पुढे ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. पण आपण पळालो, हे शल्य बाबांच्या मनातून गेले नाही. भीती जिथे असते तिथे प्रेम टिकत नाही आणि भीती घालवायची तर तिच्या अगदी जवळ जाऊन उभे राहावे लागते, हा त्यांचा आयुष्याचा धडा त्या रात्रीचा आहे. सोमनाथच्या छावणीचे बीजही मला तिथेच दिसते.

कुष्ठरोगाचा अभ्यास करायला बाबा १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्येच दाखवून दिला होता. तो सहजासहजी लागत नाही, मज्जातंतूंना बधिर करतो आणि त्या बधिरपणामुळे जखमा होऊन हातपाय जातात, हे वैद्यांना कळले होते. समाजाला मात्र ते कळायचे होते. जंतूंची लस बनवण्याच्या प्रयोगासाठी बाबांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले. प्रयोग फसला, पण भीतीचा तो शेवटचा अवशेषही संपला.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले. सोबतीला साधनाताई, दोन तान्ही मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा आकडा वाचला की गंमत वाटते. एवढ्या भांडवलावर, अशा जामीनदारांवर कुठल्याही बँकेने कर्ज दिले नसते. बाबांनी तारण म्हणून ठेवले ते झडलेल्या बोटांचे श्रम. भीक माणसाला आतून मारते आणि काम त्याला उभे करते, एवढाच त्यांचा हिशोब होता. त्या माणसांनी विहीर खणली, जमीन कसली, भाजी पिकवली.

पण भाजी घेणार कोण? वरोऱ्याचे लोक ती विकत घ्यायला धजावत नव्हते. ही कोंडी फुटली ती बाहेरून आलेल्या तरुणांमुळे. पियेर सेरेसोल नावाच्या एका स्विस इंजिनिअरने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधल्या उद्ध्वस्त खेड्यांची घरे बांधायला निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक जमवले होते. काल एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या देशांची मुले तिथे एकत्र विटा रचू लागली. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर हाच सेरेसोल आपल्याकडेही येऊन गेला. त्याच्या सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे अनेक देशांतले स्वयंसेवक पन्नासच्या दशकात आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या आणि रुग्णांनी पिकवलेली भाजी जेवणात घेतली. परदेशची गोरी पोरे ती बिनधास्त खातात, हे वरोऱ्याने पाहिले. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागले.

जे काम भाषणांनी झाले नसते, ते एका पंगतीने केले. बाबांनी ही गोष्ट मनात पक्की नोंदवून ठेवली असावी. अशी पोरे आपल्याच देशातून का येऊ नयेत?

१९६७ च्या सुमारास सरकारकडून सोमनाथची जमीन मिळाली. मूलच्या बाजूचे, महादेवाच्या जुन्या स्थानामुळे ओळखले जाणारे हे रान. बरे झालेल्या पण गावाने परत न घेतलेल्या माणसांनी इथे शेती करावी आणि तिच्याभोवती श्रमिक कार्यकर्त्यांचे एक विद्यापीठ उभे राहावे, असे बाबांचे स्वप्न होते. आजूबाजूच्या गावकऱ्यांचा विरोध झाला. जंगलाच्या कडेच्या माणसाला जमीन म्हणजे काय, हे आपण चंद्रपूर-गडचिरोलीकडचे लोक जाणतो. त्यामुळे त्यांनाही सरसकट दोष देता येत नाही. ठरलेल्यापेक्षा कमी जमीन हाती आली. तरी ज्यांना आपल्या गावाने हाकलले होते, त्यांनी तिथे हजाराहून अधिक एकरांवर भाताची खाचरे उभी केली.

विद्यापीठ मनासारखे झाले नाही. त्याच्या जागी रुजली ती मेच्या मध्यावर आठवडाभर भरणारी श्रमसंस्कार छावणी.

या छावणीत मुले काय शिकत? बांध घालणे हे निमित्त. आठ दिवसांत शहरी पोरांनी हलवलेली माती मोजली तर ती फार भरणार नाही. एक सराईत गडी त्यांच्या चौघांचे काम एकटा करील. खरी परीक्षा ताटावर होती. समोरचा भात ज्यांनी पिकवला, ते हात मुलांना दिसत. बोटे नसलेला माणूस पाणी वाढतो आणि विसाव्या वर्षाच्या मुलाच्या मनात क्षणभर काहीतरी आखडते. तो क्षण ओलांडला की छावणी सफल झाली. तुळशीरामपासून पळालेल्या माणसाने पुढच्या पिढीसाठी उभारलेली ही शाळा होती. न पळण्याचे शिक्षण तिथे मिळे, आणि तेही उपदेशावाचून.

त्यात एक क्रूर विनोद असा की, श्रमाची दीक्षा देणाऱ्या या माणसाला स्वतःला वाकता येत नव्हते. मणक्याच्या विकाराने बाबांचे बसणे कायमचे बंद झाले होते. एकतर उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. पांढरी बंडी, अर्धी विजार आणि कमरेला पट्टा अशी ती मूर्ती मुलांच्या घोळक्यात उभी असे, किंवा पलंगावर पडल्या पडल्या त्यांच्याशी तासन्‌तास बोलत असे. आणि या सगळ्यांच्या जेवणाखाण्याची, दुखल्याखुपल्याची काळजी वाहणाऱ्या साधनाताई कुठल्या व्यासपीठावर दिसत नसत. बाबांकडे मुले भारावून जात आणि ताईंकडे पोटभर जेवत. छावणीला दोन्हींची गरज होती.

घरच्या मुलांनाही त्यांनी याच पद्धतीने घडवले. १९७० मध्ये परीक्षा संपल्यावर डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना सहलीला म्हणून ते भामरागडच्या जंगलात घेऊन गेले. अंगभर वस्त्र नसलेले, शहरी माणूस दिसताच झाडीत पळणारे माडिया त्यांनी मुलांना दाखवले. डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी तिथे जाऊन राहिले. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात नद्यांनी जगाशी संबंध तोडलेला. त्या वनवासात त्यांना एकटे पडू दिले नाही ते ध्येयवेड्या तरुण सोबत्यांनी. ‘नेगल’ लिहिणारे विलास मनोहर त्यांतलेच. थोरले डॉ. विकास यांनी आनंदवनाचा भार उचलला.

पुढे बाबांनी छावणीलाच चाके लावली. पंजाब पेटलेला होता, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या दंगलींच्या जखमा ओल्या होत्या. डिसेंबर १९८५ मध्ये शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. सुमारे पाच हजार किलोमीटरचा हा पल्ला एप्रिल १९८६ मध्ये पुरा झाला. सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्यासोबत होते. १९८८ मध्ये अरुणाचलहून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत दुसरी भारत जोडो यात्रा निघाली. या यात्रांनी देश जोडला का, असे विचारणारे विचारोत. त्या सायकलींवरून उतरलेल्या काही जणांनी मात्र आपापल्या आयुष्याची दिशा बदलली. किनवटसारख्या आडवळणाच्या भागात रुग्णालय उभारणारे डॉ. अशोक बेलखोडे हे त्यांच्यापैकी एक.

मॅगसेसे, टेम्पल्टन, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार असे सन्मान येत राहिले. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम् धरणांनी इथले जंगल आणि आदिवासी बुडणार म्हणून बाबा ऐंशीच्या दशकात गडचिरोलीतल्या लोकांबरोबर उभे राहिले. १९९० मध्ये तर आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले, ते दशकभर. पद्म पुरस्कारही परत केले. तिथली धरणे थांबली नाहीत. हरलेल्या लढाईतही हजर राहायचे असते, हा धडा त्यांनी मुलांना असा दिला.

सोमनाथला येऊन गेलेले सगळेच काही सेवेला लागले नाहीत. बहुतेक जण घरी परतले, नोकऱ्यांना लागले, संसारात रमले. कुणी बँकेत चिकटले, कुणी परदेशी गेले. मग छावणी वाया गेली का? मला तसे वाटत नाही. बँकेत आम्ही ठेवींची मुदत लिहून ठेवत असू. बाबांच्या ठेवींना मुदत नव्हती. आठ दिवस कुष्ठमुक्तांच्या पंगतीला जेवलेला मुलगा पुढे अधिकारी, शिक्षक किंवा दुकानदार झाला, तरी दाराशी आलेल्या माणसाकडे त्याची नजर थोडी वेगळी राहते. याची पावती कुठे फाडली जात नाही. आणि दरवर्षी जे दोन-चार परतलेच नाहीत, त्यांच्या जोरावर आपल्या या जंगल जिल्ह्यांतली कितीतरी कामे उभी राहिली.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी न देता तो आनंदवनाच्या मातीत ठेवला गेला. साधनाताई २०११ मध्ये त्यांच्या मागोमाग गेल्या. सोमनाथची छावणी त्यांच्यानंतरही भरत राहिली. गडचिरोलीच्या शोधग्रामात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी २००६ पासून ‘निर्माण’ची शिबिरे सुरू केली, तीही तरुणांना हाच प्रश्न विचारतात की आपल्या आयुष्याचे काय करायचे.

आता उन्हाळी शिबिरे गल्लोगल्ली निघाली आहेत. पोहणे, चित्रकला, संगणक, व्यक्तिमत्त्व विकास. मुलांनी हे सारे शिकावे. पण एखाद्या मे महिन्यात आपली लेक किंवा मुलगा येऊन म्हणाला की आठ दिवस सोमनाथला माती उपसायला जातो, तर उन्हाचे, आजाराचे, अभ्यासाचे कारण सांगून त्याला अडवू नये. जाणाऱ्या पोरांना भीती नसतेच. ती घरी राहणाऱ्या आपल्याला असते.