रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर : खडू-फळ्यावर विश्वाचं गणित शिकवणारा कोल्हापूरकर

कोल्हापूर : बांधावर उभं राहून ई-पीक पाहणी करायला गेलं की मोबाईल आधी तुमचं लोकेशन शोधतो. तुम्ही नेमके कुठल्या शेतात आहात, हे त्याला वर फिरणाऱ्या उपग्रहांकडून कळतं. त्या उपग्रहांवर घड्याळं आहेत आणि ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं धावतात. मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा दहा लाखावा भाग. फरक एवढासाच, पण तो दुरुस्त केला नाही तर एका दिवसात लोकेशन दहा-एक किलोमीटरनं चुकेल. तुम्ही तुमच्या शेतात आणि मोबाईल दाखवणार भलतंच गाव!

ही दुरुस्ती ज्या गणितानं होते, त्याला सापेक्षता सिद्धांत म्हणतात. आईनस्टाईन यांनी तो मांडला. आपल्या देशात हा विषय शिकवून त्यात संशोधक तयार करणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक नाव कोल्हापूरचं आहे : विष्णू वासुदेव नारळीकर. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सगळ्यांना माहीत आहेत. हे त्यांचे वडील.

कोल्हापूर ते केंब्रिज

विष्णू नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. तो काळ राजर्षी शाहू महाराजांचा. महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७ ला, तेव्हा विष्णू आठ-नऊ वर्षांचे होते. शिवाजी विद्यापीठ तेव्हा नव्हतं, ते आलं १९६२ मध्ये. मोठ्या शिक्षणासाठी गाव सोडायची वेळ अनेकांवर यायची. नारळीकरही मुंबईला गेले आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ ला बी.एस्सी. झाले. तिथून शिष्यवृत्तीच्या आधारावर त्यांनी थेट इंग्लंडमधलं केंब्रिज गाठलं.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. त्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर ही पदवी लागते. आपल्याकडं रँग्लर परांजपे यांच्यामुळं हा शब्द घरोघरी पोचला होता. १९३० मध्ये नारळीकर रँग्लर झाले. खगोलशास्त्रासाठीचं टायसन पदकही त्यांनाच मिळालं. पुढं संशोधनासाठी आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती आणि रॅले पारितोषिक मिळालं.

त्या वेळी केंब्रिजमध्ये आर्थर एडिंग्टन शिकवत होते. सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो, हे आईनस्टाईनचं म्हणणं १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात तपासून पाहणारे ते हेच. अशा माणसाच्या सहवासात एक विशी-बाविशीचा कोल्हापूरचा पोरगा विश्वाचं गणित शिकत होता.

राहायचं की परत यायचं?

पुढं काय, हा प्रश्न आलाच. परदेशात राहून संशोधन वाढवायची वाट मोकळी होती. पैसा, ग्रंथालयं, मोठमोठे शास्त्रज्ञ, सगळं तिकडंच होतं. भारतात यातलं फारसं काही नव्हतं.

पंडित मदनमोहन मालवीय १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले होते. काशीच्या बनारस हिंदू विद्यापीठासाठी ते हुशार माणसं गोळा करत होते. त्यांनी या तरुणाला हेरलं आणि गणित विभाग सांभाळायला बोलावलं. नारळीकर १९३२ मध्ये परत आले आणि थेट विभागप्रमुख झाले. वय अवघं २३-२४. आजच्या हिशेबानं या वयात पोरं एम.एस्सी. करून नोकरीचे फॉर्म भरत असतात. काशीत ते १९६० पर्यंत म्हणजे जवळजवळ २८ वर्षं राहिले.

तो काळ या विषयासाठी सोपा नव्हता. जगातले बहुतेक शास्त्रज्ञ अणूच्या मागं लागले होते. सापेक्षता म्हणजे अवघड गणित, त्याचा उपयोग काय, असं म्हणणारे पुष्कळ होते. उपग्रह नव्हते, मोबाईल तर स्वप्नातही नव्हता. तरी नारळीकर सरांनी विषय सोडला नाही. त्याला महागडी यंत्रं लागत नव्हती. कागद, पेन्सिल, खडू, फळा आणि न कंटाळता बसणारे विद्यार्थी एवढ्यावर काम चालायचं.

प्रश्न सरांचा, नाव विद्यार्थ्याचं

या विद्यार्थ्यांपैकी एक होते गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य. १९४२ च्या सुमारास हा तरुण शिक्षक केवळ नारळीकर सरांजवळ शिकायचं म्हणून काशीत आला. साठवलेल्या पैशांवर त्यानं दिवस काढले.

सरांनी त्याला एक प्रश्न दिला. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं गणित १९१६ मध्येच सुटलं होतं. पण त्यात तारा प्रकाश देतच नाही असं धरलं होतं. खरा तारा तर अखंड जळतो. प्रकाश बाहेर गेला की ऊर्जा जाते आणि ऊर्जा गेली की वजनही घटतं. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टनांनी हलका होतोय. उसाच्या टनांत हिशेब करणाऱ्या आपल्याला हा आकडा लगेच कळेल. मग अशा घटत्या ताऱ्याभोवतीचं गणित कसं मांडायचं?

वैद्यांनी ते मांडलं आणि १९४३ मध्ये छापलं. जगभर ते वैद्य यांच्या नावानं ओळखलं जातं, आजही कृष्णविवरांच्या अभ्यासात वापरलं जातं. त्यावर नारळीकर सरांचं नाव नाही. प्रश्न सुचवणारा गुरू असा मागं राहतो. सरांबरोबर काम केलेले के. आर. करमरकर यांच्या नावाची गणितातली एक अट आहे, ती १९४८ ची. ताऱ्यांच्या रचनेचा अभ्यास करणारे संशोधक ती अजून वापरतात.

पुढं १९६९ मध्ये सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षणावर काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांची संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष नारळीकर सर झाले. जो विषय कुणी हातात घ्यायला तयार नव्हतं, त्यात आता देशभर माणसं उभी होती.

घरातला फळा

सरांच्या पत्नी सुमतीबाई कोल्हापूरच्याच हुजूरबाजार घराण्यातल्या, संस्कृतच्या जाणकार. संख्याशास्त्रातले नामवंत प्राध्यापक वसंतराव हुजूरबाजार हे त्यांचे भाऊ. थोरला मुलगा जयंत १९३८ ला कोल्हापुरातच जन्मला, धाकटे अनंत.

काशीच्या घरात सरांनी मुलांसाठी भिंतीवर फळा करून दिला होता. मोरूमामा शिकायला त्यांच्याकडं राहायचे. ते फळ्यावर एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे. ते जयंतला सुटेपर्यंत किंवा तो हरलो म्हणेपर्यंत पुसायचं नाही, असा खेळ. जयंतरावांनी ही आठवण नंतर अनेकदा सांगितली. तो मुलगाही पुढं केंब्रिजला जाऊन रँग्लर झाला, त्यानंही वडिलांसारखं टायसन पदक मिळवलं आणि वडिलांसारखाच तोही १९७२ मध्ये भारतात परत आला.

काशी सोडल्यावर सर राजस्थानच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६६ नंतर पुणे विद्यापीठात पुन्हा गणित शिकवायला लागले. १९९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडं दहावीला गणितात नापास झालेलं पोर डोकं नाही म्हणून गप्प बसवलं जातं, आणि पहिलं आलेलं पोर परत गावाकडं येणार नाही असं आपणच धरून चालतो. नारळीकर सरांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टींचं उत्तर सापडतं. सगळ्यांनी केंब्रिजला जावं असं कुणी म्हणत नाही. पण घरातली एखादी भिंत काळ्या रंगानं रंगवायला फार खर्च येत नाही. त्यावर आज एक गणित लिहा आणि पोराला सुटेपर्यंत पुसू नका.