भुयारातून अवकाशाकडे गेलेला प्राध्यापक

३० ऑक्टोबर १९८५ रोजी भर दुपारी बारा वाजता फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून ‘चॅलेंजर’ शटल झेपावले, तेव्हा त्यात आठ अंतराळवीर होते. एकाच यानातून एवढी माणसे त्याआधी कधीही अवकाशात गेली नव्हती. पाच अमेरिकन, दोन पश्चिम जर्मन आणि एक डच असा हा चमू होता. त्यातील राइनहार्ड फुरर हे बर्लिनमधील भौतिकशास्त्रज्ञ. आयुष्यात धोका पत्करण्याची त्यांची ही पहिली वेळ नव्हती. एकवीस वर्षांपूर्वी बर्लिनच्या भिंतीखालून खणलेल्या एका भुयाराच्या तोंडाशी ते उभे राहिले होते, आणि तेथून जिवंत परतणे हे अग्निबाणावर स्वार होण्याइतकेच बेभरवशाचे होते.

फुरर यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९४० रोजी ऑस्ट्रियातील वोर्गल येथे झाला. ऑस्ट्रिया त्यावेळी हिटलरच्या जर्मनीत विलीन झालेला होता. युद्धानंतरचे बालपण बव्हेरियातील केम्पटन येथे गेले. पुढे भौतिकशास्त्राच्या शिक्षणासाठी ते प्रथम कील आणि नंतर बर्लिन येथे आले. ऑगस्ट १९६१ मध्ये पूर्व जर्मनीच्या राजवटीने शहराच्या मधोमध भिंत घातली होती. एकाच रस्त्यावरची घरे दोन देशांत विभागली गेली, कुटुंबे तुटली, प्रियजनांची ताटातूट झाली. पश्चिम बर्लिनमधील अनेक विद्यार्थ्यांनी त्या काळात पुस्तके बाजूला ठेवून फावडी हाती घेतली. फुरर त्यांच्यात सामील झाले.

वोल्फगांग फुक्स यांच्या नेतृत्वाखाली खणले गेलेले ते भुयार पश्चिमेकडील बर्नाउअर श्ट्रासेवरील एका बंद पडलेल्या बेकरीच्या तळघरातून सुरू होत होते. १९६४ च्या वसंत ऋतूत काम सुरू झाले. सुमारे बारा मीटर खोल आणि १४५ मीटर लांब अशा त्या बिळातून माणसाला रांगतच जावे लागे. पूर्वेकडे ते एखाद्या तळघरात निघेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते श्ट्रेलिट्झर श्ट्रासेवरील ५५ क्रमांकाच्या घराच्या अंगणातील एका वापरात नसलेल्या शौचालयात उघडले. आडोसा म्हणून ती जागा वाईट नव्हती, हे नशीबच म्हणायचे.

३ आणि ४ ऑक्टोबर १९६४ या दोन रात्रींत २३ पुरुष, ३१ स्त्रिया आणि ३ मुले अशी ५७ माणसे या वाटेने पश्चिमेकडे निसटली. इतिहासात हे भुयार ‘टनेल ५७’ याच नावाने ओळखले जाते. टोकियो ऑलिम्पिक तोंडावर आले होते. म्हणून परवलीचा शब्दही ‘टोकियो’ असाच ठेवला होता. पूर्वेकडील घराच्या दाराशी उभे राहून येणाऱ्यांना अंगणाची वाट दाखवण्याचे काम फुरर आणि त्यांचे काही साथीदार करीत होते. म्हणजे सगळ्यात पुढची, पकडले गेल्यास थेट तुरुंगात नेणारी जागा. त्यावेळी फुरर २३ वर्षांचे होते.

दुसऱ्या रात्री मध्यरात्र उलटल्यावर दोन अनोळखी माणसे दाराशी आली. आपला आणखी एक मित्र बाहेर थांबला आहे, त्याला घेऊन येतो, असे सांगून ती गेली. ती पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, म्हणजे श्टाझीची माणसे होती. परतली ती सशस्त्र सीमारक्षकांसह. फुरर यांनी साथीदारांना सावध केले. अंधाऱ्या अंगणात एका विद्यार्थ्याने पिस्तूल झाडले, समोरून कॅलाश्निकोव्ह रायफली धडाडल्या. सगळे भुयारात उतरून पश्चिमेकडे पोहोचले. मागे एगोन शुल्ट्झ हा २१ वर्षांचा सीमारक्षक मरून पडला होता.

पूर्व जर्मनीने शुल्ट्झला हुतात्मा ठरवले. पश्चिमेच्या हस्तकांनी त्याचा खून केला, असा प्रचार झाला. देशभरातील शंभराहून अधिक शाळांना आणि संस्थांना त्याचे नाव देण्यात आले, घटना घडली तो रस्ताही त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. वस्तुतः शवविच्छेदनातून राजवटीला वेगळेच सत्य कळले होते. विद्यार्थ्याच्या गोळीने शुल्ट्झ जखमी झाला होता. जीव गेला तो त्याच्याच सहकाऱ्याच्या रायफलीतून सुटलेल्या गोळ्यांनी. ही कागदपत्रे दडपली गेली. आपल्यामुळे एक माणूस मेला, हे ओझे गोळी झाडणाऱ्या तरुणाने पुढे जन्मभर वाहिले. या सगळ्या प्रकरणातील हा सर्वात क्रूर भाग म्हणावा लागेल.

फुरर अभ्यासाकडे वळले. १९७२ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली, त्यानंतर श्टुटगार्ट विद्यापीठात संशोधन व अध्यापन केले. काही काळ अमेरिकेत शिकागो विद्यापीठ आणि आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतही त्यांनी काम केले. विमाने उडवण्याचा छंद या काळातही सुटला नव्हता. १९७७ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने स्पेसलॅबच्या पहिल्या मोहिमेसाठी शास्त्रज्ञ शोधायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी अर्ज केला. निवडीच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत पोहोचूनही त्यांना संधी मिळाली नाही. जर्मनांपैकी ती उल्फ मेर्बोल्ड यांना मिळाली आणि १९८३ मध्ये ते अवकाशात गेले. तोवर पूर्व जर्मनीचे सिग्मुंड येन यांना सोव्हिएत सोयूझमधून जाऊन पाच वर्षे झाली होती. अवकाशातील पहिला जर्मन होण्याचा मान १९७८ मध्ये भिंतीच्या पलीकडल्यांनी मिळवला होता.

फुरर यांचे नाव १९८२ मध्ये लागले. पश्चिम जर्मनीने ‘डी-१’ ही स्वतःच्या खर्चाने चालणारी स्पेसलॅब मोहीम आखली आणि तिच्यासाठी फुरर व एर्न्स्ट मेसरश्मिड यांची निवड केली. यान अमेरिकेचे, पण त्यातील प्रयोगांचे नियंत्रण म्युनिकजवळच्या ओबरपफाफेनहोफेन येथील केंद्रातून. अमेरिकेबाहेरून शटलमधील प्रयोग चालवण्याची ही पहिलीच वेळ होती. हेन्री हार्ट्सफील्ड या मोहिमेचे प्रमुख होते, तर वुबो ओकल्स हे नेदरलँड्सचे पहिले अंतराळवीर.

सात दिवस अहोरात्र दोन पाळ्यांत काम चालले. पंचाहत्तरच्या आसपास प्रयोग होते. भारहीन अवस्थेत धातू वितळवणे, स्फटिक वाढवणे, द्रवांचे वर्तन तपासणे, सजीव पेशींवरील परिणाम नोंदवणे असे त्यांचे स्वरूप होते. रुळांवरून पुढे-मागे सरकणाऱ्या एका खुर्चीत अंतराळवीरांना बसवून कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचाही अभ्यास करण्यात आला. पृथ्वीला १११ प्रदक्षिणा घालून ६ नोव्हेंबरला शटल कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावर सुखरूप उतरले.

‘चॅलेंजर’चे ते अखेरचे सुखरूप उतरणे ठरले. २८ जानेवारी १९८६ रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, पुढच्याच उड्डाणात ७३ व्या सेकंदाला ते नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. बूस्टरच्या सांध्यातून तप्त वायू निसटणे हे त्याचे कारण. अंगावर काटा आणणारी गोष्ट अशी, की फुरर यांच्या उड्डाणातील बूस्टरच्या सांध्यांतही वायू झिरपल्याच्या खुणा नंतरच्या तपासणीत आढळल्या होत्या. थंडीमुळे उड्डाण पुढे ढकलावे, असा आग्रह अभियंत्यांनी जानेवारीतील त्या आदल्या रात्री धरला, तेव्हा ऑक्टोबरच्या उबदार हवेतील याच उड्डाणाचा दाखला त्यांच्या विरोधात गेला. उबेतही असे घडते, मग थंडीचा दोष कसा, असा तो युक्तिवाद होता.

फुरर पुन्हा अवकाशात गेले नाहीत. १९८७ मध्ये ते बर्लिनच्या मुक्त विद्यापीठातील अवकाशविज्ञान संस्थेचे संचालक झाले. दोन वर्षांनी भिंत पडली. ज्या अंगणातून पळून यावे लागले होते, तेथे जाण्यासाठी आता भुयाराची गरज उरली नव्हती.

९ सप्टेंबर १९९५ रोजी बर्लिनच्या योहानिस्टाल विमानतळावर हवाई प्रात्यक्षिकांचा कार्यक्रम होता. १९०९ मध्ये सुरू झालेले हे मैदान पूर्वी भिंतीच्या पूर्वेकडे येत असे. फुरर ‘मेसरश्मिट टायफून’ या जुन्या बनावटीच्या विमानात अनुभवी वैमानिक गेर्ड काडेमान यांच्यासोबत बसले. हवाई कसरत करताना विमान कोसळले आणि दोघेही जागीच ठार झाले. फुरर तेव्हा ५४ वर्षांचे होते.

शुल्ट्झच्या नावाचा रस्ता १९९१ मध्येच पुन्हा श्ट्रेलिट्झर श्ट्रासे झाला होता. २००५ मध्ये ५५ क्रमांकाच्या घरावर एक फलक लावण्यात आला. ५७ जणांच्या सुटकेबरोबर शुल्ट्झच्या मृत्यूची खरी हकिगतही त्यावर नोंदलेली आहे. तो पाहायला फुरर नव्हते आणि त्या रात्री पिस्तूल झाडणारा त्यांचा साथीदारही नव्हता.