गेऑर्ग कँटर : संचकल्पनेचे जनक

इयत्ता नववीच्या गणित भाग 1 या पाठ्यपुस्तकातील पहिलेच प्रकरण ‘संच’ हे आहे. पुष्कळ विद्यार्थी ते सोपे समजून दोन दिवसांत उरकतात. महिरपी कंस, त्यात स्वल्पविराम देऊन लिहिलेले घटक, वेन आकृतीतील वर्तुळे. यात अवघड ते काय, असा त्यांचा भाव असतो. परंतु त्या कंसांमागे एका माणसाचे संपूर्ण आयुष्य उभे आहे, आणि ते जाणून घेतले म्हणजे प्रकरणाचा अर्थच पालटतो.

गेऑर्ग कँटर यांचा जन्म 3 मार्च 1845 रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील व्यापारी होते; आईच्या घराण्यात संगीताची परंपरा होती आणि गेऑर्ग स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवीत. वडिलांच्या प्रकृतीला तेथील थंडी मानवेना, म्हणून 1856 मध्ये कुटुंब जर्मनीत आले. मुलाने अभियंता व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा गणिताकडे होता. अखेर वडिलांनी संमती दिली आणि मुलाने अत्यंत कृतज्ञतेने त्यांना पत्र लिहिले. 1863 मध्ये वडील वारले. ती संमती लांबली असती तर पुढे काय झाले असते, याचा विचार आजच्या पालकांनी अवश्य करावा.

झुरिच येथे काही काळ शिकून कँटर बर्लिन विद्यापीठात गेले. वायरस्ट्रास, कुमर आणि क्रोनेकर यांच्यासारखे गुरू त्यांना तेथे लाभले. 1867 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, मुलींच्या एका शाळेत थोडे दिवस शिकवले आणि 1869 मध्ये हाले विद्यापीठात अध्यापन स्वीकारले. त्यांची उर्वरित कारकीर्द याच गावात गेली.

हाले येथे हाइने या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांच्यापुढे त्रिकोणमितीय श्रेढींचा एक प्रश्न ठेवला. तो सोडवताना रेषेवरील काही बिंदू वगळावे लागत होते. कोणते बिंदू वगळले तर चालते, याचा शोध घेता घेता कँटर यांचे लक्ष श्रेढीवरून त्या बिंदूंच्या समूहाकडेच गेले. बिंदूंचा समूह ही स्वतंत्र अभ्यासाची वस्तू ठरली, आणि संचकल्पनेचा उगम येथे झाला.

संच म्हणजे अचूकपणे सांगता येतील अशा, परस्परांहून भिन्न असलेल्या वस्तूंचा एकत्र विचारात घेतलेला समूह. वर्गातील हुशार मुलांचा समूह हा संच होत नाही, कारण हुशार कोण हे पाहणाऱ्यावर अवलंबून असते. (ते ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हा इतिहासाचा विषय आहे.) वर्गातील चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांचा समूह मात्र संच होतो. कोणीही तपासले तरी उत्तर एकच येते.

दोन संचांत सारखेच घटक आहेत हे न मोजता कसे सांगावे? वसतिगृहाच्या पंगतीत प्रत्येक मुलापुढे एकच ताट आहे, एकही ताट उरलेले नाही आणि एकही मूल ताटावाचून नाही, एवढे दिसले की मुले आणि ताटे समान आहेत हे कळते. आकडा ठाऊक असण्याची गरज नाही. या जुळवणीला एकास एक संगती म्हणतात. कँटर यांनी ही साधी कसोटी अनंत संचांना लावली आणि मग विलक्षण गोष्टी दिसू लागल्या. 1 ची जोडी 2 शी, 2 ची 4 शी, 3 ची 6 शी असे करत गेल्यास सर्व नैसर्गिक संख्या आणि सर्व सम संख्या यांची पंगत पूर्ण जुळते. म्हणजे अर्ध्या वाटणाऱ्या सम संख्या पूर्ण संचाएवढ्याच! गॅलिलिओने 1638 मध्ये संख्या आणि त्यांचे वर्ग यांबाबत हेच पाहिले होते. अनंताच्या बाबतीत लहान-मोठे ही भाषाच लागू पडत नाही, असे म्हणून तो थांबला. कँटर थांबले नाहीत.

1874 मध्ये त्यांनी सिद्ध केले की रेषेवरील सर्व वास्तव संख्यांची नैसर्गिक संख्यांशी अशी जुळवणी कधीच होऊ शकत नाही. अनंतही एकसारखे नसते. एक अनंत दुसऱ्याहून मोठे असते. त्याच लेखातील एका भागासाठी डेडेकिंड या मित्राची पत्रे उपयोगी पडली होती, पण त्याचा उल्लेख लेखात नाही. थोर माणसाच्या चरित्रातही हे नोंदवणे आवश्यक आहे. 1877 मध्ये चौरसातील बिंदू त्याच्या एका बाजूवरील बिंदूंएवढेच असतात हे त्यांना आढळले, तेव्हा स्वतःच्या सिद्धतेवर विश्वास ठेवणे त्यांनाही जड गेले. ते त्यांनी डेडेकिंडलाच कळवले.

विरोध झाला तो मुख्यतः बर्लिनमधून. पूर्वीचे गुरू क्रोनेकर यांच्या मते गणित पूर्णांकांवर आणि मोजक्या पायऱ्यांत पूर्ण होणाऱ्या कृतींवरच उभारले पाहिजे. पूर्ण झालेले अनंत त्यांना मान्य नव्हते. क्रोनेकर यांचे वजन मोठे होते. बर्लिनमध्ये प्राध्यापक होण्याची कँटर यांची मनीषा कधीच पुरी झाली नाही. 1884 मध्ये त्यांना तीव्र मानसिक आजाराचा पहिला झटका आला. क्रोनेकर यांनीच त्यांना वेडे केले, ही लोकप्रिय कथा मला पटत नाही. आजाराला आजार म्हणावे. उपेक्षेने दुःख वाढले असेल, पण रोग त्यामुळे जडला असे म्हणण्यास आधार नाही. विरोधाला त्यांनी दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. 1890 मध्ये जर्मन गणिती संघ स्थापण्यात त्यांनी पुढाकार घेतला. नव्या विचारांच्या तरुणांना निर्भयपणे बोलता येईल असे व्यासपीठ त्यांना हवे होते. ते पहिले अध्यक्ष झाले आणि 1891 च्या पहिल्या अधिवेशनात भाषणासाठी त्यांनी क्रोनेकर यांनाच निमंत्रण दिले. कौटुंबिक आपत्तीमुळे क्रोनेकर येऊ शकले नाहीत. त्याच वर्षाअखेर ते निवर्तले.

त्या काळात कँटर यांनी मांडलेली कर्ण-युक्ती नववीच्या विद्यार्थ्यालाही कळेल अशी आहे. तीन घटकांच्या संचाचे, रिक्त संच धरून, आठ उपसंच होतात हे आपण शिकतो. आता समजा, नैसर्गिक संख्यांच्या सर्व उपसंचांची क्रमवार यादी केल्याचा दावा कोणी केला. आपण एक नवा उपसंच घडवू. यादीतील पहिल्या उपसंचात 1 असेल तर आपण 1 घ्यायचा नाही. नसेल तर घ्यायचा. दुसऱ्या उपसंचात 2 आहे की नाही ते पाहून उलट करायचे, तिसऱ्यात 3 साठी, आणि असेच पुढे. तयार झालेला उपसंच यादीतील प्रत्येक उपसंचाहून निदान एका घटकाबाबत वेगळा आहे. म्हणून तो यादीत नाही आणि दावा खोटा आहे. कोणत्याही संचाहून त्याच्या उपसंचांचा संच मोठाच असतो, हे कँटर यांचे प्रमेय याच युक्तीवर उभे आहे. मोठ्याहून मोठे अनंत, असे हे न संपणारे प्रकरण आहे.

एक प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला. नैसर्गिक संख्यांहून मोठा आणि वास्तव संख्यांहून लहान असा संच असतो का? नसावा, असे त्यांचे 1878 पासूनचे अनुमान होते. सिद्धता मात्र सापडेना. 1900 मध्ये पॅरिस येथे हिल्बर्ट यांनी आपल्या प्रश्नांच्या यादीत हा प्रश्न पहिला ठेवला. पुढे ग्योडेल यांनी आणि 1963 मध्ये कोहेन यांनी मिळून दाखवले की संचांच्या रूढ गृहीतकांवरून हे अनुमान खोटेही ठरवता येत नाही आणि खरेही. कँटर यांना वर्षानुवर्षे सिद्धता सापडली नाही ती बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे.

1899 मध्ये त्यांचा धाकटा मुलगा रूडॉल्फ अकस्मात वारला. आजाराचे झटके वाढत गेले. 1904 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सिल्व्हेस्टर पदक दिले, 1913 मध्ये ते निवृत्त झाले, आणि 1915 मधील सत्तराव्या वाढदिवसाचा मोठा समारंभ महायुद्धामुळे होऊ शकला नाही. युद्धाच्या टंचाईत, 1917 च्या जूनमध्ये, त्यांना हालेच्या रुग्णालयात अखेरचे दाखल करण्यात आले. घरी न्यावे अशी विनवणी करणारी पत्रे ते तेथून पत्नीला लिहीत राहिले. 6 जानेवारी 1918 रोजी त्याच रुग्णालयात त्यांचे निधन झाले.